अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला उभे राहताना

दहावीला विज्ञानात नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेली मुले अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत पंचवीसपैकी सात-आठ गुणांवर येतात, तेव्हा नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला वाटते की आपले शिकवणे कमी पडले. मुलाला वाटते की सायन्स घेऊन चूक केली. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. दहावीत सूत्र ठरलेले असते, किमती टाकायच्या आणि उत्तर काढायचे. अकरावीत पुस्तक इंग्रजीत येते, राशींना दिशा येते, कॅल्क्युलस येते, कॅल्क्युलेटरऐवजी लॉग टेबल हातात येते आणि कोणते सूत्र वापरायचे हेही स्वतःच ठरवावे लागते. हे सगळे पहिल्या दोन महिन्यांत एकदम अंगावर येते.

हा लेख राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात नव्याने शिकवू लागलेल्यांसाठी आहे. उदाहरणे फिजिक्सची आहेत, पण केमिस्ट्री आणि मॅथ्सवाल्यांनाही यातले बरेचसे तसेच वापरता येईल. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे. मुलाने पुस्तक मिटून, स्वतःच्या डोक्यातून काढून कागदावर मांडण्यासाठी रोजच्या तासिकेत वेळ राखून ठेवा. पोर्शन मागे पडेल या भीतीने सगळ्यात आधी हाच वेळ कापला जातो आणि मग पोर्शन संपूनही वर्गाला काही येत नाही.

पायरी १ : पोर्शनचा हिशेब कागदावर मांडा

अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात १४ प्रकरणे आहेत, बारावीच्या १६. (अकरावीचा हा अभ्यासक्रम २०१९-२० पासून आणि बारावीचा २०२०-२१ पासून लागू झाला. पुस्तक बदलले तर प्रकरणे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.) तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकातून प्रत्यक्ष हाती येणारे आठवडे मोजा. समजा आठवड्याला ४ तासिका आहेत आणि परीक्षा, सुट्ट्या, गॅदरिंग वजा जाता २६ आठवडे मिळतात. म्हणजे १०४ तासिका झाल्या. त्यातल्या २० आधीच बाजूला काढा: चाचण्या, पेपर वाटून चुका दाखवणे, अचानक लागलेली सुट्टी. उरल्या ८४. सरासरी काढली तर एका प्रकरणाला ६ येतात, पण तशी समान वाटणी करू नका. व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि कॅल्क्युलसचे प्रकरण, प्रतलातील गती आणि गतीचे नियम या तिघांना ८ ते १० तासिका द्या. विद्युतचुंबकीय लहरींचे प्रकरण ३ तासिकांत होते.

अकरावीच्या या तीन प्रकरणांवर हात सैल सोडायचे कारण बारावीत दिसते. तिथे पहिलेच प्रकरण वर्तुळाकार आणि घूर्णन गतीचे आहे. ज्याला व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट कळलेला नाही तो टॉर्कपाशी अडतो. मग बारावीत अकरावी पुन्हा शिकवावी लागते आणि तेव्हा खरोखरच वेळ नसतो.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने फेऱ्याफेऱ्यांनी होतात (२०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली), त्यामुळे वर्ग एकदम भरत नाही. पहिल्या फेरीची मुले बसलेली असतात आणि शेवटच्या फेरीची काही आठवड्यांनी येतात. म्हणून व्हेक्टर पहिल्या आठवड्यात सुरू करू नका. तोवर एकके, मोजमापातील त्रुटी, लॉग टेबल आणि खाली दिलेली चाचणी एवढे पुरते. उशिरा आलेल्यांना एका शनिवारी दोन तास बसवून इतकेच भरून काढता येते. व्हेक्टर बुडाले तर भरून काढायला महिना जातो.

पायरी २ : पहिल्या आठवड्यातली दहा प्रश्नांची चाचणी

वीस मिनिटे, गुण नाहीत, कोऱ्या कागदावर. फिजिक्स यात विचारायचेच नाही. फिजिक्सला लागणारे गणित मुलाच्या हातात आहे का, एवढेच पाहायचे. उदाहरणार्थ:

– तिसऱ्या गतिसमीकरणातून विस्थापन एका बाजूला काढा.
– ५ चौरस सेंटिमीटर म्हणजे किती चौरस मीटर?
– ३ गुणिले १० चा ८ वा घात याला ६ गुणिले १० चा उणे ७ वा घात याने भागा.
– ३०° कोन असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेमी आहे, उरलेल्या दोन बाजू काढा.
– दिलेल्या सरळ रेषेच्या आलेखाचा चढ एककासह लिहा.

दुसऱ्या प्रश्नावर वर्गाचा मोठा भाग चुकतो. उत्तर येते ५ गुणिले १० चा उणे २ वा घात, कारण सेंटिमीटरचे मीटर करताना शंभराने भागायचे हे पाठ असते, पण वर्ग दोन्ही बाजूंचा होतो हे डोळ्यासमोर नसते. फळ्यावर एक मीटर बाजूचा चौकोन काढा, आत शंभर आडव्या आणि शंभर उभ्या पट्ट्या कल्पायला सांगा. दहा हजार घरे होतात हे मुलाने स्वतः मोजून म्हटले की ही चूक पुन्हा सहसा होत नाही.

कागद गोळा करून तीन गठ्ठे करा: आठ किंवा जास्त, चार ते सात, चारच्या खाली. प्रत्येक बाकावर वरच्या गठ्ठ्यातले एक मूल खालच्या गठ्ठ्यातल्या मुलाशेजारी येईल अशी बैठक लावा. कारण वर्गात सांगू नका, नुसते हजेरी क्रमांक वाचा. सर्वांत खालच्या गठ्ठ्यासाठी पहिला महिना आठवड्यातून एकदा अर्धा तास, फक्त घातांक आणि सूत्र फिरवणे. एवढ्यावर बरीच मुले सावरतात.

पायरी ३ : इंग्रजीकडे पाठ फिरवू नका

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला फिजिक्स येत नाही असे वाटते, तेव्हा पुष्कळदा त्याला प्रश्नाचे वाक्य समजलेले नसते. आणि जे शब्द अडवतात ते शास्त्रीय नसतात. डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन हे एकदा सांगितले की कळते. अडवतात ते साधे दिसणारे शब्द.

'लाइट स्ट्रिंग' वाचून मूल प्रकाशाचा विचार करते, तिथे अर्थ असतो वस्तुमान धरायचे नाही अशी दोरी. 'स्मूथ' म्हणजे गुळगुळीत हे त्याला ठाऊक असते, पण फिजिक्सच्या प्रश्नात त्याचा अर्थ घर्षण शून्य, हे कोणी सांगितलेले नसते. 'अ‍ॅट रेस्ट' दिसले की सुरुवातीचा वेग शून्य लिहायचा. 'निग्लिजिबल' म्हणजे हिशेबात घ्यायचे नाही. 'युनिफॉर्म' म्हणजे सगळीकडे किंवा सतत सारखे. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे ज्या क्रमाने नावे आली त्याच क्रमाने किमती. हा शेवटचा शब्द न कळल्यामुळे दोन वस्तूंच्या किमतींची अदलाबदल होते आणि पुढचे सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते.

याउलट काही शब्द मराठीत ओळखीचे असल्यामुळेच घोळ करतात. पाठ्यपुस्तकाच्या मराठीत चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी. पण बोलताना आपण 'गाडीचा वेग साठ आहे' असेच म्हणतो, दिशा कधी सांगत नाही. वजनाचेही तसेच: घरी वजन किलोत असते, वर्गात न्यूटनमध्ये. हे दोन्ही वापर बरोबर आहेत, जागा वेगळ्या आहेत, असे स्पष्ट सांगा. मुलाची भाषा चुकीची ठरवली की ते तोंड मिटते.

करायचे असे: मागच्या पाच वर्षांचे बोर्डाचे पेपर घेऊन असे साठेक शब्द काढा. रोज पाच शब्द फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, पूर्ण वाक्यासह. गणित सोडवण्यापूर्वी एका मुलाला उभे करून विचारा, 'या प्रश्नात काय घडतंय ते मराठीत सांग.' हिंदी किंवा उर्दूतून आलेले मूल त्याच्या भाषेत सांगेल. सांगता आले नाही तर पेन उचलायचे नाही. बोलणे कोणत्याही भाषेत चालेल, वहीत लिहिणे मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत हवे, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा आहे आणि ती सवय बारावीच्या जानेवारीत लागत नाही.

पायरी ४ : पंचेचाळीस मिनिटे कशी वाटायची

हजेरीत तासिकेची पाच-सात मिनिटे जातात. ती वाया घालवू नका. आत येण्याआधी फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवता आले तर उत्तम: दोन कालच्या तासिकेतले, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. हजेरी चालू असताना मुले पुस्तक न उघडता कागदावर उत्तरे लिहितात. उत्तरे फळ्यावर येतात, प्रत्येकजण आपापली तपासतो, गुण नोंदवायचे नाहीत.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच विद्यार्थ्यांवर तपासले होते. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गात याचा नेमका त्रास असा होतो की वाचताना मुलाला 'सगळं येतंय' असे वाटते आणि आठवताना 'काहीच येत नाही' असे वाटते. म्हणून मुले आठवायला कंटाळतात. पहिल्या पंधरवड्यात वर्ग कुरकुर करेल, तरी सोडू नका.

हजेरीनंतर पंधरा मिनिटे नवीन भाग, एका बैठकीत एकच कल्पना. मग पाच-सात मिनिटे पुढच्या पायरीत सांगितलेला एक प्रश्न. मग बारा मिनिटे वहीत सोडवणे, तुम्ही बाकांमधून फिरत. शेवटची तीन मिनिटे: आज काय कळले नाही ते एका ओळीत, कागदाच्या तुकड्यावर, नाव न घालता. नव्वद चिठ्ठ्या वाचायला स्टाफरूममध्ये दहा मिनिटे पुरतात आणि उद्याची तासिका कुठून सुरू करायची ते त्यात सापडते.

डेरिव्हेशन फळ्यावर लिहून देताना मुले फक्त उतरवतात, ऐकत नाहीत. दोन्ही एकदम होत नाही. त्यावर उपाय: पेन खाली ठेवायला सांगा, डेरिव्हेशन बोलत बोलत पूर्ण करा, मग फळा पुसा, फक्त आकृती आणि शेवटची ओळ ठेवा. आता मधले त्यांनी लिहायचे. पहिल्यांदा गोंधळ उडतो, तिसऱ्या-चौथ्या वेळी अर्धा वर्ग पोहोचतो.

पायरी ५ : एक प्रश्न, चार पर्याय, चार बोटे

'समजलं का?' या प्रश्नाला वर्ग एकसुरात 'हो सर' म्हणतो. त्यातून काहीच कळत नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात मोठ्या वर्गांसाठी एक पद्धत रूढ केली. आपल्याकडच्या ऐंशी-शंभरच्या वर्गाला ती चपखल बसते आणि खर्च शून्य आहे.

फळ्यावर लिहा: चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूवर त्याचे त्वरण किती? एक, शून्य. दोन, ९.८ खालच्या दिशेने. तीन, ९.८ वरच्या दिशेने. चार, शून्याहून जास्त पण ९.८ हून कमी. एक मिनिट गप्प, प्रत्येकाने स्वतःचे उत्तर कागदावर लिहायचे. मग तुमच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम बोटे दाखवायची, छातीजवळ धरून, म्हणजे मागच्याला दिसत नाहीत. हुशार मुलाकडे बघून हात वर करणे इथे बंद होते.

एक बोटवाले मोठ्या संख्येने असतील. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, बरोबर उत्तर सांगू नका. बरोबर उत्तरे साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये असतील तर म्हणा, 'ज्याचं उत्तर वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा.' दोन मिनिटे वर्गात कालवा होऊ द्या. पुन्हा बोटे. आता दोन बोटे वाढलेली दिसतात. तीसच्या खाली असतील तर चर्चेत चुकीचेच पसरते, तेव्हा पुन्हा समजावून सांगा. सत्तरच्या वर असतील तर एका वाक्यात कारण सांगून पुढे जा.

शेवटी चुकीच्या पर्यायाला वाचा फुटू द्या. 'शून्य का वाटलं?' उत्तर येते, 'सर, तिथे चेंडू थांबतो ना.' इथे विचारा: 'थांबला आणि त्वरणही शून्य, मग पुढच्या सेकंदाला चेंडू कुठे असेल?' मुलगा क्षणभर वर बघतो. चेंडू हवेत तसाच लटकून राहायला हवा हे त्याचे त्यालाच कळते. तुम्ही दहा वेळा सांगून जे झाले नसते ते इथे होते.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गांतल्या तासिकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलतात. मनात तीन आकडे मोजा. सुरुवातीला ही शांतता जड जाते.

पायरी ६ : न्यूमेरिकल

नवशिक्याला सगळे स्वतः शोधायला लावले तर तो सूत्रांच्या यादीत किमती बसतील असे सूत्र हुडकत बसतो. सगळे सोडवून दिले तर त्याला बघायची सवय लागते. मधली वाट चार टप्प्यांची आहे. पहिले गणित पूर्ण सोडवून दाखवा, प्रत्येक ओळीचे कारण बोलून. दुसऱ्यात शेवटच्या दोन ओळी मोकळ्या ठेवा. तिसऱ्यात फक्त आकृती द्या. चौथे त्याचे एकट्याचे.

उतरणीचे उदाहरण घ्या. ३०° च्या गुळगुळीत उतारावर २ किलोचा ठोकळा. वजनाचा उताराच्या दिशेचा घटक साइनने की कोसाइनने? इथे मुले पाठांतरावर जातात आणि निम्मी उलटे लिहितात. त्यांना टोकाची किंमत टाकून बघायला शिकवा. कोन शून्य केला तर उतार म्हणजे सपाट टेबल, ठोकळा घसरणार नाही, म्हणून घटक शून्य यायला हवा. शून्याचा साइन शून्य, कोसाइन एक. तेव्हा साइन. कोन ९०° केला तर ठोकळा सरळ खाली पडतो, त्वरण ९.८ यायला हवे, आणि साइनने तेच येते. मग ३०° ला ४.९ हे उत्तर त्याचे स्वतःचे होते, आणि त्यात २ किलोचा उपयोगच झाला नाही हेही त्याच्या लक्षात येते. ते त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबा.

प्रत्येक गणितात आकृती, दिलेले, शोधायचे, सूत्र, किमती, उत्तर, एकक हा क्रम सक्तीचा ठेवा. एककाशिवायचे उत्तर वहीत तपासूच नका.

पायरी ७ : लॉग टेबल

बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. तरी बऱ्याच ठिकाणी हे एका तासिकेत उरकले जाते आणि बारावीच्या प्रिलिमला मुले सोपी गणिते सोडून देतात. चार तासिका द्या, मग वर्षभर आठवड्याला एक उदाहरण.

सुरुवात अशा गणिताने करा ज्याचे उत्तर माहीत आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल काढायचा: ६.२८४ भागिले ९.८ चे वर्गमूळ. ६.२८४ चा लॉग ०.७९८३. ९.८ चा ०.९९१२, वर्गमूळ म्हणून त्याचे निम्मे ०.४९५६. वजाबाकी ०.३०२७. त्याचा अँटिलॉग २.००७. सेकंदाला एक टोक गाठणारा लंबक दोन सेकंदांत फेरी पूर्ण करतो, म्हणजे उत्तर जागेवर आहे.

खरी अडचण बारची, म्हणजे लॉगच्या पूर्णांकावर उणे दाखवणाऱ्या आडव्या रेघेची आहे. ०.००३६ चे वर्गमूळ काढा. लॉग येतो बार ३ पॉइंट ५५६३. मुले याला उणे ३.५५६३ समजून दोनने भागतात आणि उत्तर येते ०.०१६७. पण बार फक्त ३ वर आहे, ५५६३ हा भाग अधिक आहे. दोनने भागायचे तर बारखालचा आकडा सम हवा, म्हणून बार ३ ला बार ४ अधिक १ असे लिहा. म्हणजे बार ४ आणि १.५५६३. आता भागा: बार २ पॉइंट ७७८१. अँटिलॉग ०.०६. आणि ०.०६ चा वर्ग ०.००३६ हे तोंडी करता येते, म्हणून हे उदाहरण फळ्यावर ठेवायला फार उपयोगी. घनमूळ असेल तर बारखालचा आकडा तीनने भाग जाणारा करायचा.

पायरी ८ : प्रॅक्टिकल

मागच्या बॅचची जर्नल उतरवून आणलेली वाचने हे प्रॅक्टिकलचे जुने दुखणे आहे. ओरडून ते जात नाही. प्रत्येक गटाला वेगळी लांबी, वेगळी तार, वेगळे भिंग द्या, मग उतरवायला काही उरत नाही. आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण कापू नका. चूक कुठून आली हे लिहिले तर गुण द्या.

साध्या लंबकावर एक तास घालवण्यासारखा आहे. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, झोका १०° च्या आत ठेवायचा, २० आंदोलनांचा वेळ तीनदा घ्यायचा. एक मीटरला साधारण ४० सेकंद येतात. एखाद्या गटाचे गुरुत्वत्वरण १०.८ च्या आसपास आले की ओळखा, त्यांनी घड्याळ सुरू करताना 'एक' म्हटले आहे. खरी आंदोलने १९ झाली आणि भागले २० ने. आवर्तकाल पाच टक्के कमी आला, आणि त्याचा वर्ग होत असल्याने गुरुत्वत्वरण जवळपास अकरा टक्क्यांनी फुगले. लगेच सांगू नका. 'घड्याळ दाबताना काय म्हणालास?' एवढेच विचारा. सुरुवात शून्याने करायची हे त्यानंतर ते मूल विसरत नाही.

गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली तर एका लांबीवरून काढलेले उत्तर थोडे कमी येते, पण लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला तर चढ तोच राहतो, रेषा फक्त आरंभबिंदू चुकवते. आलेख का काढायचा याचे यापेक्षा चांगले कारण दुसरे मिळणार नाही.

पायरी ९ : बोर्ड आणि सीईटी

बारावीचा फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा, आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचे. दहा बहुपर्यायी, आठ एका गुणाचे, मग दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. हा आराखडा ऑगस्टमध्येच मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा.

'डिफाइन' म्हटले की एक नेमके वाक्य. 'स्टेट' म्हटले की फक्त नियम, सिद्धता नाही. 'डिराइव्ह' म्हटले की नावे दिलेली आकृती आणि क्रमाने पायऱ्या. 'डिस्टिंग्विश' म्हटले की दोन रकाने, आणि समोरासमोरचे मुद्दे एकाच गोष्टीबद्दल हवेत. एका बाजूला एकक आणि समोर उदाहरण असे लिहिले की गुण जातो. तपासलेला पेपर परत देण्याआधी, नाव झाकून एक उत्तर फळ्यावर लिहा आणि वर्गालाच गुण द्यायला सांगा. मुले तुमच्याहून कडक तपासतात.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, चुकीला गुण कापत नाहीत, आणि साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. बोर्डाच्या पेपरात अकरावी नाही म्हणून मुले ते वर्ष सोडून देतात. हा आकडा त्यांना प्रवेशाच्या पहिल्या महिन्यातच सांगायला हवा. जी मुले बाहेर क्लासला जातात त्यांनी प्रकरण आधी ऐकलेले असते आणि ती वर्गात कंटाळतात. त्यांना नवीन स्पष्टीकरण नको असते, अडवणारा प्रश्न हवा असतो. पाचवी पायरी त्यांच्यासाठीच जास्त उपयोगी आहे.

पायरी १० : चुकांची वही

शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, प्रश्न, मी काय लिहिले, का चुकले. चौथा रकाना महत्त्वाचा आणि त्यात 'सिली मिस्टेक' हे शब्द चालणार नाहीत. प्रश्न कळला नाही, सूत्र आठवले नाही, चिन्ह चुकले, एकक बदलले नाही, लॉग चुकला यांपैकी काय ते लिहायचे. दर शुक्रवारी मुलाने त्यातली तीन गणिते उत्तर झाकून पुन्हा सोडवायची. बरोबर आले तर पुढची तारीख आठवड्यानंतरची, मग महिन्यानंतरची. तिन्ही वेळा जमले की त्यावर काट मारायची. तुम्ही महिन्यातून एकदा दहा वह्या उचलून फक्त चौथा रकाना वाचा. वीस नोंदींपैकी बारा 'एकक बदलले नाही' अशा निघाल्या तर पुढच्या आठवड्याचे हजेरीच्या वेळचे चारही प्रश्न एककांचे ठेवा.

प्रिलिमनंतरच्या आठवड्यांत नवीन काही शिकवू नका. या वह्या उघडायच्या, न कापलेल्या ओळी एकेका प्रकरणानुसार फळ्यावर घ्यायच्या, आणि दर तीन दिवसांनी एक पूर्ण पेपर तीन तास घड्याळ लावून, लॉग टेबल हातात घेऊन, कॉलेजच्याच बाकावर बसून सोडवायचा.